दोरीतला चौकोन

दवाखान्यात नंबर पुकारणाऱ्या बाईंच्या समोरच्या बाकावर एक आजोबा कंबर धरून बसले होते. शेजारी त्यांची बायको. बाईंचं डोकं कागदात होतं, कान मात्र तिकडेच.

"अहो, या वयात टेकडीवर गेलातच कशाला?"

"तुझ्या झाडांच्या अभ्यासाचा तो दोरी बांधलेला चौकोन साफ करायला. म्हणत होतीस ना, घाणेरीचं तण माजलंय, पण गुडघे साथ देत नाहीत."

"साफ म्हणजे?"

"सगळं रान मुळासकट उपटलं. एक काडी ठेवली नाही!"

"सगळं?"

"लाल-पिवळ्या फुलांचं झुडूप तेवढं ठेवलं. म्हटलं, तुला आवडेल."

"अहो, तीच घाणेरी."

"इतकी देखणी? मग मी उपटलं ते काय?"

"ते इथलं मूळचं. किती वर्षं वाट बघितली, तेव्हा कुठे उगवलं होतं."

"मातीत बी असेल की. परत येईल ना?"

"नखांत अजून माती आहे तुमच्या. आणा हात इकडे."

"येईल ना गं?"

पुढचा नंबर त्यांचाच होता. बाई जरा थांबल्या, मग हळूच पुकारला.

"चला, उठा. माझ्या खांद्यावर भार टाका. सगळा टाका."