दगडाला ओठ

यूले : तूच सांग तिला. माझ्यावर विश्वास नाही बसायचा तिचा. तुझ्या घरी राहते ती.

वीबके : घरी कसली, माझ्या खोलीत राहते. मी कपडे वाळत घालायच्या खोलीत गादी टाकून झोपतेय. आणि सकाळी उठून बघावं तर यागोदाबाई आईच्या शेजारी उभ्या राहून पाव कापताहेत. आई मला म्हणते, बघ, पाहुणी असून आपली बशी आपण उचलते.

यूले : मग घाबरतेस कशाला?

वीबके : घाबरत नाही गं. पण थुंकतात त्या दगडावर. मी स्वतः थुंकत आलेय लहानपणापासून. आजोबा हात धरून आणायचे. सांगायचे, एका बाईने आईबापांना, पोटच्या पोरांना विष घालून मारलं, इथेच तिचं मुंडकं उडवलं, थुंक. आणि मी थुंकायचे. आख्खं ब्रेमेन थुंकतं.

यूले : म्हणून तर. तिला थुंकायला सांगण्यात काय मजा आहे? थुंकतात सगळेच.

वीबके : तिच्या भावाचं ऑपरेशन आहे आज. हृदयाचं. एवढासा आहे तो. पुढच्या आठवड्यात ठरलं होतं, म्हणून तर आली ती. काल एकाएकी आजवर आणलं.

यूले : माहितीये मला. सगळ्या ट्रामला माहितीये. टिट्येन सरांनी तिला खिडकीशी बसवलं, स्वतःचा चार्जर दिला. वसंतात शाळांच्या अदलाबदलीत आपण त्यांच्याकडे पोलंडला, ग्दान्स्कला गेलो होतो तेव्हा तुला ताप भरला होता. सर काय म्हणाले होते?

वीबके : म्हणाले, पाणी पी.

यूले : बघ. आणि आता गप्प बस, आली ती.

यागोदा : मी गाढवाचे दोन्ही पाय धरले. त्या चार जनावरांच्या पुतळ्यातल्या. एका हाताने धरलं तर मागितलेलं मिळत नाही हे मी वाचलं होतं. पण मागे मोठी रांग होती आणि एक काका म्हणाले, आटपा. मला नीट मागताच आलं नाही. वीबके, आपल्याला पुन्हा जाता येईल का?

यूले : कशी पुस्तकातल्यासारखी बोलते बघ. सरांना पाघळायला तेवढं पुरतं.

वीबके : यागोदा, ते गाढव... ते बाहेरच्या लोकांसाठी असतं.

यागोदा : म्हणजे खरं नाही?

वीबके : फोटोपुरतं. इथल्या लोकांचा दगड आहे. हा काय, तुझ्या बुटापाशी. क्रूस कोरलाय बघ. घरात कोणी आजारी असलं की आम्ही त्याला ओठ लावतो.

यागोदा : आणि मग?

वीबके : मग... बरं वाटतं त्या माणसाला.

यूले : पण गुडघे टेकायचे. घाईत करायचं नाही.

यागोदा : हा ओला आहे.

यूले : रोज धुतात.

यागोदा : वीबके, तू केलं आहेस?

वीबके : हो. आजोबांसाठी.

यागोदा : मग मी करते. माझा फोन धरशील? आईला पाठवायचं आहे. स्ताशेकला अजून आत नेलेलं नाही, ती त्याच्याजवळ बसली आहे. माझा चेहरा आणि क्रूस दोन्ही दिसू देत.

(यागोदा गुडघे टेकते. वीबके तिचा फोन धरते, यूले आपला.)

यूले : बाप रे. डोळे मिटले हिने.

वीबके : हळू बोल.

यूले : काय तोंड चिकटवलंय. संपवेल का आता? तुझे आजोबा गेल्याच वर्षी गेले ना गं?

वीबके : गप ना.

यागोदा : झालं. आला का नीट? दे, मी लगेच पाठवते. वीबके, तू मला हे सांगितलंस, मी कधीच विसरणार नाही. मला वाटत होतं तुला माझा राग येतो.

वीबके : छे.

यागोदा : आईचा निरोप आला. तिने त्याला दाखवला. तो हसला म्हणे. म्हणाला, ताई दगडाची पप्पी घेते. आणि हसत हसतच आत गेला. मी जरा त्या भिंतीपाशी उभी राहते. मला रडायचं आहे.

यूले : वर्गाच्या ग्रुपवर टाकला मी. टिमोने लिहिलंय, आज रात्री हिच्याशेजारी जेवायला कोण बसणार? चल, मासळीचा पाव खाऊ. भूक लागली.

वीबके : मला नकोय.

यूले : आता काय झालं? तुलाच ती डोळ्यासमोर नको होती.

वीबके : नकोच होती. पण तो हसला म्हणाली ती.

यूले : मग चांगलंच झालं की. पोरगं हसलं, आपण हसलो. चल.

*

यागोदा : तुमचं खाणं झालं का?

यूले : कुठे होतीस तू? सर शोधत होते. सगळे नदीवर गेले, आम्ही तुझ्यासाठी थांबलोय.

यागोदा : मी पुन्हा दगडापाशी गेले होते. एक आजोबा सायकल थांबवून त्यावर थुंकले. मला राग आला. मी रुमालाने पुसून काढलं. मग एक बाई थुंकली. मी तिला म्हटलं, अहो, इथे लोक प्रार्थना करतात. ती बघतच राहिली माझ्याकडे. मग तिने मला सगळं सांगितलं. दंडावर हात ठेवून, हळूहळू. फार चांगली बाई होती.

यूले : अगं, गंमत केली जराशी.

यागोदा : हो. गंमत मला समजते.

वीबके : यागोदा, माझं चुकलं. मला तुझा हेवा वाटत होता, खरंच सांगते. आपण सरांकडे जाऊ, मी सगळं सांगते त्यांना.

यागोदा : सरांना नको. कुणालाच नको. आईने मावशीला पाठवला, मावशीने सगळ्या नातेवाइकांना. आजी फोनच्या काचेचे मुके घेते आहे. आता मी काय सांगू त्यांना? थांब. आईच आहे. व्हिडिओ कॉल आहे.

यूले : पोलिश ऐकलं की मला झोपच येते. काय म्हणतेय ती? हिचा चेहरा बघ.

वीबके : यागोदा, काय झालं?

यागोदा : डॉक्टर बाहेर आले होते. रक्त थांबत नाही. ते परत आत गेले.

वीबके : अरे देवा.

यागोदा : आईला तू दिसायला हवी आहेस. इकडे ये. ती म्हणते, दगड तुझ्या गावचा आहे, आम्ही परके. तुझं आधी ऐकेल. ती म्हणते, माझ्या बाळासाठी या मुलीने एकदा मागावं.

वीबके : नाही. मी तिला खरं सांगते. मी बोलते, तू तिला पोलिशमध्ये सांग.

यागोदा : सांगते. शब्दाला शब्द सांगेन. बोल, ती ऐकते आहे.

वीबके : काकू, मी...

यागोदा : बोल ना.

वीबके : ती रडतेय गं. आत्ता कसं सांगू?

यागोदा : मग चल दगडापाशी.

यूले : वेड लागलंय का तुला? बघ तरी त्याच्यावर काय पडलंय ते. आत्ताच शाळेची एक आख्खी ट्रिप गेली इथून.

यागोदा : मी या वेळी पुसणार नाही. रुमाल भरला आहे माझा.

यूले : आणि हिची आई असं म्हणाली कशावरून? हीच मनाचं सांगत असेल.

यागोदा : तुला पोलिश येतं?

यूले : मला कशाला येईल?

यागोदा : एकमेकींची भाषा शिकायची ठरली होती. मी शिकले.

वीबके : यूले, तो फोन खाली कर.

यूले : का गं? तिचा काढला तेव्हा तूपण हात धरून थांबवलं नाहीस. टिमो विचारतोय, दुसरा भाग कधी.

वीबके : यागोदा, मला जमणार नाही.

यागोदा : आई विचारते आहे, ती मुलगी का थांबली. काय सांगू?

वीबके : काही नको सांगूस. टेकते गुडघे.

यागोदा : आणखी खाली. तिला तुझा चेहरा दिसला पाहिजे.

वीबके : झालं?

यागोदा : नाव घेतलं नाहीस त्याचं.

वीबके : स्ताशेक. स्ताशेकला बरं वाटू दे. झालं आता?

यागोदा : ओठ पुसू नकोस. आई अजून बघते आहे.