ओढ्यातले खेकडे

गगनबावड्याच्या एसटीची वाट बघत दोन म्हातारे बाकावर बसले होते. ओळख नव्हती, त्यामुळे मोकळेपणाने बोलत होते.

"म्हस आता दारातच धुतो मी. ओढ्यात बंदी हाय."

"कुणाची?"

"नातीची. सातवीत हाय. बाईंनी सगळा वर्ग ओढ्याकाठनं उगमापर्यंत चालवत नेलता. आली ती माझ्यावर खटला घिऊनच."

"आन् तुमी ऐकलं?"

"सरपंचाचं कधी ऐकलं न्हाय. पण पोरीनं म्हशीजवळचं पाणी तांब्यात भरलं आन् 'पी, आण्णा' म्हणाली."

"प्यालासा?"

"म्हस घिऊन घरला आलो. यंदा ओढ्यात खेकडं परत आल्यात."

"मग रस्सा झाला म्हणा की."

"धरू देत न्हाय ती. नुसतं बघायचं."

"बघून पोट भरतंय व्हय?"

"माझं भरतंय. तुमी या की बघायला, पावणं. रस्सा कोंबडीचा करू."