गालिचा गुंडाळा, मग चढतो

मंडळी, मागे उभे आहात ते पुढे या. खुर्च्या रिकाम्या आहेत. मला भाषण जमत नाही. माईक नीट लागलाय का, एवढंच मी आजवर बघत आलो. त्याच्यासमोर कधी उभा राहिलो नाही. आज पहिल्यांदाच राहिलोय. सांभाळून घ्या.

दत्ताराम आपल्या सभागृहाचा इलेक्ट्रिशियन, मी इथला व्यवस्थापक. बावीस वर्षं एकत्र काढली. गेल्या मंगळवारी तो गावी, नाटे इथे होता. सकाळी छातीत दुखतंय म्हणाला आणि गाडी येईपर्यंत संपलं सगळं. अजून खरं वाटत नाही.

त्याचं काम सगळं वरचं. छताचे दिवे, पंखे, एसीच्या जाळ्या. आधी आम्ही बांबूची परांची बांधायचो. चार माणसं ती धरायला आणि पाचवा आरडाओरडा करायला. पाचवा म्हणजे मी. मग लिफ्ट आली. ती बघा, कोपऱ्यात उभी आहे. बॅटरीवर चालते. पिंजऱ्यात एक माणूस उभा राहतो, सरळ वर जातो आणि वरूनच बटणं दाबून तिला पुढेमागे नेतो. आम्ही म्हटलं, सुटलो बाबा एकदाचे! दत्ताराम म्हणाला, "आता वरचं सोडा, खालची जमीन बघायला हवी." दर वेळी लिफ्ट काढायच्या आधी तो टाचेने जमीन ठोकत फिरायचा. आम्ही हसायचो. हो, मीसुद्धा.

आणि आपली खोड तुम्हाला माहीत आहे. आधी गालिचा अंथरायचा, खुर्च्या मांडायच्या, हार आणायचे आणि मग वर बघायचं. तोवर दिवा गेलेला!

एकदा असंच झालं. अर्ध्या तासात पाहुणे येणार आणि मंचासमोरचे दोन दिवे बंद. मी म्हटलं, "दत्ताराम, चढ."

"साहेब, गालिचा गुंडाळा, मग चढतो."

"अरे, खुर्च्या मांडल्यात!"

"मग उचला."

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर म्हणालो, "नारळ पाडायला माडावर सरसर चढतोस आणि इथे घाबरतोस?"

तो शांतपणे म्हणाला, "साहेब, माड जमिनीत रुजलेला हाय. ही लिफ्ट नाय."

लिफ्टची चावी खिशात घातली आणि बाजूला उभा राहिला. कार्यक्रम दोन दिव्यांविना झाला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण मला तो माझा अपमान वाटला. त्याच संध्याकाळी मी त्याला मेमो दिला. त्यात 'कामचुकार' लिहिलं. 'भित्रा' असंही लिहिलं. त्याने वाचला, सही केली आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी गालिचा निघाला. त्याने मला बोलावलं. खाली वायरींचा चर आहे, त्याच्यावरच्या लाकडी झाकणावर त्याने टाच मारली. टाच आत गेली. वाळवीने झाकण आतून खाल्लं होतं. लिफ्टचं चाक तिथे गेलं असतं तर? तो वीस फुटांवर असताना? तो फक्त "बघा" म्हणाला. आणि मी काय म्हटलं? "सुताराला बोलव." बस. मेमो मागे घेतला नाही. आज घेऊ, उद्या घेऊ करत सात वर्षं गेली. लाज वाटते सांगताना.

परवा मी त्याच्या घरी गेलो. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. मी तोंड उघडायच्या आधी वहिनीच म्हणाल्या, "ते नेहमी सांगायचे, साहेब माझा ऐकतात. एकदा भरल्या सभागृहात त्यांनी माझ्यासाठी गालिचा गुंडाळायला लावला."

मंडळी, मी चहा तसाच ठेवून उठलो.

वहिनी, तुम्ही इथे समोर बसल्या आहात. तो तुमच्याशी खोटं बोलला. मी ऐकलं नव्हतं. मी गालिचा गुंडाळला नव्हता. मी त्याला भित्रा म्हटलं आणि तुम्हाला मात्र त्याने माझं चांगलंच सांगितलं. तो कामचुकार नव्हता. भित्रा तर नव्हताच. चूक माझी होती. हे त्याला सांगायचं होतं, वहिनी. तुम्हाला सांगतोय.

आता सगळे उभे राहू या. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. मीही बोलणार नाही.

दत्ताराम, माफ कर रे मला.