सुमनची पुरवणी

“घरमा सून उनी, तिना मांगे शाळा बी उनी!” सासूबाई शेजारणीला सांगत होत्या. मी भिंतीपलीकडे भांडी घासत होते. त्याला आता दीड वर्ष झालं, पण घड्याळाची टिकटिक कानावर आली की त्या शिकवणीच्या दुपारी अजून आठवतात.

या शाळेतली एकुलती विद्यार्थिनी म्हणजे माझी नणंद सुमन. गावात सातवीपुढे वर्ग नव्हता, म्हणून ती घरीच होती. सतरा नंबरचा फॉर्म भरून तिनं बाहेरून दहावी द्यायची आणि धुळ्याला कॉलेजात जायचं, असं आम्ही दोघींनी ठरवलं होतं. शिकवायचे मी, चुलीपाशी.

एकदा मी तीन तासांची सराव परीक्षा ठेवली आणि गजराचं घड्याळ देऊन सासूबाईंनाच सुपरवायझर केलं. त्यांनी ते भलतंच मनावर घेतलं. सुमनला पाणीसुद्धा जागेवर नेऊन दिलं.

नेमके तेव्हाच सासरे न सांगता पाहुणे घेऊन आले, सुमनला बघायला. “पोरीला बाहेर धाडा,” ते म्हणाले.

सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. “पेपर चालू शे. अजून पाऊण तास शे. बठ्ठा ओटावर बसा, अन् बोलू नका!”

सगळे मुकाट बसले, सासरेसुद्धा. अर्ध्या तासानं मुलाचे काका वैतागले. “एवढं काय लिहायचं राहिलंय पोरीचं?”

मग मीच पदर सावरून पुढे झाले.

“खूप राहिलंय, काका. तिनं आत्ताच पुरवणी घेतलीय.”