येताना सोळा तास

विमानाच्या तिकिटांच्या ऑफिसात रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर गृहस्थ होते. काउंटरमागे चुणचुणीत मुलगी.

"जायला चौदा तास, काका. यायला सोळा."

"असं कसं? अंतर तेच ना?"

"अंतर तेच, पण येताना वारा समोरून लागतो. दोन तास जास्त धराच."

"रोज?"

"नेहमीचंच आहे ते. जायचं-यायचं दोन्ही काढू?"

"मी गेलोय एकदा, हिच्याबरोबर. चौदाच लागले होते."

"ते जाताना. आणि येताना?"

"येताना झोपलो होतो."

"कुणाकडे निघालात?"

"मुलाकडे. त्याला अजून सांगितलं नाही. नातू झालाय, असं बाहेरून कळलं."

"अय्या, म्हणजे सरप्राइज!"

"त्याची आई गेली, तेव्हा म्हणाला होता, आठच्या विमानाने निघतो. मी सगळ्यांना सांगितलं, चौदा तास थांबायचं. थांबलो. वर अर्धा तास थांबलो. मग नेलं तिला."

"अरेरे."

"परत आलो, तर हा दारात बॅग घेऊन उभा. मी सगळ्यांसमोर म्हटलं, आईच्या वेळीसुद्धा खोटं बोललास. आठचं विमान चुकवलंस आणि मागाहून आलास."

"मग? काय म्हणाला तो?"

"बॅग उघडलीच नाही त्याने."

"तसाच परत गेला?"

"तसाच. येताना सोळा म्हणालीस ना? म्हणजे आठच्याच विमानात होता तो."

"काका, तिकीट कधीचं काढू?"

"थांब, पोरी. आधी फोन करतो. उचलला, तर येतो परत."