लोखंड गंजण्याचं समीकरण

शिकलेल्या पोरीची कदर होते म्हणता ना, मग आमच्या अलकाचं ऐका. अलका माझी चुलत बहीण, देवगाव रंगारीची, तेव्हा बारावीला होती. मी अकरावीतच शिक्षण सोडून वाळूजला कंपनीत लागलेलो. पण रसायनशास्त्र आवडायचं, म्हणून सुट्टीला गावी गेलो की तिला समीकरणं शिकवायचो. तिला पुढं कॉलेजला जायचं होतं आणि काकांनी तर तिला बघायला पाहुणे बोलावले.

पोहे नेताना ती मला हळूच म्हणाली, "दादा, हुशारी दिसली तर शिकू देतील, व्हय ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

मुलाचे मामा मास्तर होते. त्यांनी कागद पुढं केला. "लोखंड गंजतं, त्याचं समीकरण लिही बरं."

तिनं लिहिलं, दोन्हीकडचे अणू जुळवले आणि शब्दांत वाचूनही दाखवलं, "ओलाव्यात लोखंडाचे चार अणू आणि ऑक्सिजनचे तीन रेणू मिळून गंज तयार होतो."

"लई हुशार पोरगी!" मामा खूश झाले.

मी कसाबसा धीर करून म्हणालो, "तिला अजून शिकायचंय."

मामा हसले. "एवढं येतंय की तिला. आता आणखी शिकून काय करायचं?"