मऊ लादीवरचा नारळ

नाही, तुम्हीच सांगा मला, लादी बसवणारा मी, गुडघे सोलले माझे, गमाचा वास डोक्यात चढला माझ्या, आणि हॉलच्या दारात खुर्ची टाकून सूचना कोण देतंय? आमचे बाबा! ज्यांनी उभ्या आयुष्यात भिंतीत एक खिळा सरळ ठोकला नाही, ते मला सांगणार, "कुणाल, उभ्या लाव, आडव्या नको!" बरं, उभ्या लावल्या, तर "आरं, आडव्याच बऱ्या दिसल्या असत्या!" का? कारण आमच्याकडे मोठ्यांना सगळं येतं!

आणि बोलणं म्हणजे साधं बोलणं नाही हो. बाबांची सगळी नोकरी भिवंडीत कापडाच्या लूमवर गेली, त्या खडखडाटात ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नाही, आता लूम बंद पडली, पण आवाज तोच! घरात "मीठ दे" म्हणाले की पलीकडची कमळाकाकू वाटी घेऊन दारात हजर!

तुम्हाला सांगतो, मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला. सोडला तर सोडला, पटत नव्हतं. पण त्या दिवसापासून घरात माझी किंमत पायपुसण्याएवढी. लग्नाकार्यात कुणी विचारलं, "धाकटा काय करतो?" की आई लगेच, "भात वाढू का तुम्हाला?" मग कशेळीला एका ठेकेदाराच्या हाताखाली मी हे काम शिकलो. व्हिनाइलची लादी. दगड नव्हे, रबरासारखी मऊ, जुन्या फरशीवर गम लावून चिकटवायची, मध्ये काडीएवढी फट ठेवायची, फटीत ग्राउट, म्हणजे सिमेंटसारखा लगदा, भरायचं, की बघणाऱ्याला वाटावं दगडच आहे.

हे कळलं आमच्या नामाकाकांना. बाबांचे चुलत भाऊ, दापोड्याला गोदामं भाड्याने दिलेली, गळ्यात सोन्याची साखळी अशी की बैल बांधावा. म्हणाले, "आधी घरचा हॉल करून दाखव. मी बघायला येतो. चांगला झाला तर गोदामांवरची सगळी ऑफिसं तुझी." सगळी ऑफिसं! म्हणजे आईला भात वाढावा लागणार नाही!

तर मी जीव तोडून कामाला लागलो, आणि बाबा जीव तोडून मदतीला. ग्राउट ओलं असताना पिळलेल्या स्पंजाने हलक्या हाताने पुसायचं असतं. यांनी बादली ओतली! "फरशी हाय ना? मग पाण्यानंच धुतात!" झालं, सगळं ग्राउट दुधासारखं वाहून गॅलरीत! पुन्हा खरवडा, पुन्हा भरा. वर म्हणतात, "आता कशी चकाचक झाली!" आमच्याकडे मोठ्यांना सगळं येतं!

आता माणूस उठता-बसता चुकीचंच बोलायला लागला, की तो बरोबर बोलला ते कळणार कसं? हॉलच्या मधोमध जुन्या फरशीत एक खड्डा होता. बाबा खुर्चीतून ओरडले, "कुणाल! हितं खड्डा हाय! आधी माल भर, सुकू दे, मग लादी लाव!" मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला यातलं कळतं का? ही मऊ लादी आहे, गमावर बसते आपोआप. तुम्ही गप्प बसायचं काय घ्याल?" आणि ते गप्प बसले. खरंच बसले हो.

बसते वगैरे काही नाही. खरं सांगू? भरायचा माल संपला होता आणि दुकानापर्यंत जायचा मला कंटाळा आला होता. बस... एवढंच.

झालं, काका आले. हॉल असा दिसत होता, असा दिसत होता... एरवी चपलांसकट घुसणारे काका चपला बाहेर काढून आत आले, यातच काय ते समजा! पण आमचे लडकूआबा, भावकीतले सगळ्यात म्हातारे, त्यांना आईने नारळ फोडायला बोलावलेलं. आई म्हणाली, उंबऱ्यावर फोडा. आबा म्हणतात, "काम फरशीचं नि नारळ उंबऱ्याला? नव्या फरशीवरच फुटाय पाहिजे!" मी म्हटलं, "आबा, ही मऊ आहे..." "तू गप रं! आमचं आयुष्य गेलं नारळ फोडण्यात!" कारण आमच्याकडे मोठ्यांना सगळं येतं!

आबांनी आपटला. नारळ उडाला टुणकन आणि गेला सोफ्याखाली! आबा म्हणाले, "जोर कमी पडला." पुन्हा आपटला, उसळून त्यांच्याच नडगीवर! आबा एका पायावर! "आरं, फरशी हाय का गादी?" आता काकांना चेव. बाह्या सरसावल्या, साखळी पाठीवर टाकली, बरोब्बर हॉलच्या मधोमध गेले... मी म्हणतोय, "काका, तिथे नको, काका..." आणि हाणला! धप्प! नारळ अखंड. लादी मात्र खाली खचली, कोपरा वर, आणि ग्राउट असं विखुरलं जशी रांगोळी.

काकांनी अंगठ्याने दाबून बघितलं. "खाली पोकळ हाय. हे कुणाचं काम?"

मी तोंड उघडलं. देवाशप्पथ उघडलं होतं! तेवढ्यात दारातून, लूमवरच्या आवाजात, "माझं! ते मी केलं! पोरगा खड्डा भर म्हणत व्हता, मीच ऐकलं न्हाय!"

अख्ख्या आळीने ऐकलं. कमळाकाकू आलीच. मग जो तो बाबांवर! आबा म्हणाले, "तुळशीराम, अक्कल गहाण टाकलीस? पोराच्या पोटावर पाय देतोस?" काका म्हणाले, "आयुष्यभर धोटा फेकला, तुला कशाला पायजे लादी?" आई तर बोलायचीच थांबली त्यांच्याशी. आणि बाबा मान हलवत हसत होते, च्यायला, हसत होते! आणि मी? उघडलेलं तोंड मी मिटलं. हळूच. कुणाला कळू नये असं.

काकांनी खांद्यावर हात ठेवला. "तुझं काम झकास. सोमवारपासून दापोड्याला ये. पण एक अट, बापाला कामाच्या आसपास आणायचं नाय!"

"बरं, काका." बरं म्हटलं मी! आणि पाया पडायला वाकलो, बाबांच्या नाही, काकांच्या. काका तिथेच उभे, त्यामुळे माझं नाक बरोब्बर खड्ड्यावर, आणि वरून आशीर्वाद येतोय, "मोठा हो! फक्त बापावर जाऊ नकोस!"

काळजी नको, काका. नाहीच गेलो.